नगरपंचायतीसाठी आपत्कालीन पाणीसाठा: चार मीटरचा काँक्रीट बंधारा कसा बांधावा

टंचाई एप्रिलमध्ये जाहीर झाली आणि बंधाऱ्याचा ठरावही एप्रिलमध्येच घेतला, तर त्या उन्हाळ्याला त्याचा काहीही उपयोग नाही. सर्वेक्षण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बांधकाम नाला कोरडा पडल्यावर म्हणजे साधारण जानेवारी ते मे, साठा पावसाळ्यात आणि पाणी त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, असा हा क्रम आहे. चालू टंचाईसाठी टँकर आणि विहिरींचं अधिग्रहण हेच मार्ग. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते पुरेसा दुसरा साठा हाताशी नव्हता म्हणून. इथे जो बंधारा सांगितला आहे, तो अशी वेळ पुन्हा येऊ नये यासाठी आहे.

उदाहरण दख्खनच्या पठारावरचं घेतलं आहे. १२,००० वस्तीचं गाव, १० चौरस किलोमीटर पाणलोटाचा नाला, ४० मीटर रुंद पात्र, तळाला खडक. आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या जागेचे वेगळे येतील आणि संकल्पचित्र जबाबदार अभियंत्याकडूनच करून घ्यावं लागेल. पण तो अभियंता काय तपासतोय, हे नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि पाणीपुरवठा सभापती यांना कळलं पाहिजे, त्यासाठी हा खटाटोप.

किती पाणी लागेल, आणि ऊन किती नेईल

टंचाईत माणशी ४० लिटर धरा. १२,००० माणसांना दिवसाला ४.८ लाख लिटर, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरच्या ४८ खेपा. १ मार्चपासून पुढचे १०० दिवस धरले तर ४८,००० घनमीटर. इथपर्यंतचं गणित सगळेच करतात आणि तेवढ्याच साठ्याचा बंधारा मागतात. मग एप्रिलच्या मध्यालाच तळ दिसतो.

कारण बाष्पीभवन. पठारावर थंडीत उघड्या पाण्यावरून दिवसाला साधारण ४ मिलिमीटर आणि उन्हाळ्यात ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धरून चाला. पाण्याचा फुगवटा मागे २ किलोमीटर पसरला असेल, तर नमुन्याच्या बंधाऱ्याचा हिशेब असा होतो:

गावाला: ४८,००० घनमीटर
बाष्पीभवन, डिसेंबर ते फेब्रुवारी: २६,०००
बाष्पीभवन, मार्च ते जूनचा पहिला आठवडा: २८,०००
पाझर: १७,०००
तळाचं न उचलता येणारं पाणी आणि गाळाची जागा: ९,०००
एकूण: १,२८,००० घनमीटर

गावापेक्षा ऊन जास्त पाणी पितं. म्हणून जागा निवडताना पसरट पात्र टाळा, खोल आणि अरुंद पात्र शोधा.

साठ्याचा अंदाज घ्यायला साधा ठोकताळा आहे: पात्राची रुंदी, माथ्यापर्यंतची खोली आणि फुगवट्याची लांबी यांचा गुणाकार करून त्याचे चार दशांश घ्या. तळाचा उतार ५०० ला १ असेल, तर ४ मीटर खोलीचा फुगवटा २,००० मीटर मागे जातो. ४० × ४ × २,००० × ०.४ केलं की १,२८,००० येतात. उतार १०० ला १ असेल, तर फुगवटा फक्त ४०० मीटर आणि साठा पाचवा हिस्सा. तीच भिंत, तोच खर्च. म्हणून डंपी लेव्हल (उंच-सखलपणा मोजायचं दुर्बिणीचं उपकरण) घेऊन पात्राचा लांबछेद मोजल्याशिवाय जागा ठरवू नका, मग ती जागा डोळ्यांना कितीही पटो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अशा साठ्यात खोली ४ वरून ३ मीटरवर आली की पाणी १,२८,००० वरून ६२,००० वर येतं, आणि २ मीटरवर जेमतेम २२,००० उरतं. वरच्या एका मीटरमध्ये निम्मं पाणी आहे. "अजून अर्धा बंधारा भरलाय" असं काठावरून म्हणणारा माणूस पावपटीपेक्षाही कमी पाण्याकडे बघत असतो.

नाला हा साठा वाईट वर्षातही भरू शकेल का, हे वेगळं तपासा. ३०० मिलिमीटर पावसाच्या वर्षी त्यातला ५ टक्के पाऊस वाहून आला, तर १० चौरस किलोमीटरमधून १.५ लाख घनमीटर मिळतात, म्हणजे कसाबसा पुरेल. वर आधीच चार सिमेंट बंधारे असतील, तर तेवढंही येणार नाही. अपधावेसाठी, म्हणजे पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून येईल यासाठी, स्ट्रेंजची कोष्टकं वापरात आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी सरासरी वर्षावर भिस्त ठेवू नका, वाईट वर्षाचाच आकडा धरा.

बंधारा गावाच्या वरच्या अंगाला हवा. गावाची गटारं ज्या नाल्यात उतरतात, त्याच नाल्यावर खाली बंधारा बांधून तेच पाणी प्यायला उचलण्याचे प्रस्ताव आजही येतात.

भरीव की दारांचा

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे: पावसाळ्यात दारं उघडी, पूर आणि गाळ वाहून जातो, पावसाळा संपला की बर्गे, म्हणजे दारांच्या फळ्या, टाकून पाणी अडवायचं. शेतीसाठी तो उत्तम. आपत्कालीन पिण्याच्या साठ्यासाठी आमचा कौल भरीव बंधाऱ्याला. दुष्काळी वर्षात शेवटचं वाहतं पाणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातही येऊन जातं आणि बर्गे ऑक्टोबरमध्ये टाकले तर अडवायला काही उरत नाही. शिवाय लोखंडी बर्गे चोरीला जातात, रबरी पट्ट्या सुटतात, फटींतून पाणी झिरपतं. भरीव भिंत कोणाच्या आदेशाची वाट बघत नाही.

तिचा तोटा गाळाचा. त्यावर उपाय म्हणून भिंतीत तळाशी १.२ मीटर चौकोनी दोन गाळदारं ठेवा. ओतीव लोखंडी गेट आणि स्क्रूने वर-खाली होणारी यंत्रणा, तीही पुराच्या पातळीच्या वर चौथऱ्यावर.

खडक ओळखणं

भिंतीची जाडी कागदावर ठरते, बंधाऱ्याचं आयुष्य मात्र पायाच्या खड्ड्यात ठरतं. बंधाऱ्याच्या अक्षावर दर १० मीटरला एक विंधण, म्हणजे तपासणीचं भोक, घ्या, निदान ६ मीटर खडकात. काठांवरही घ्या, कारण गळती बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

दख्खनच्या खडकाची एक खोड नवख्यांना चकवते. काळा पाषाण दिसायला अभेद्य, सुरुंगाला दाद न देणारा. पण तो थंड होताना तडकलेला असतो आणि त्या सांध्यांतून पाणी सर्रास पळतं. उलट मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा काहीसा मऊ खडक, बहुधा सलग असतो आणि पाणी धरतो. म्हणून "काळा पाषाण लागला, आता चिंता नाही" हे वाक्य ऐकलं की विंधणात पाणी दाबून शोषण तपासायला सांगा. तपासणीचा निकाल ५ लुजॉनच्या (खडक किती पाणी शोषतो त्याचं माप) वर आला, तर ग्राउटिंग, म्हणजे चिरांत दाबाने पातळ सिमेंट भरणं, लागेल.

दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी लाल गेरूसारखा मातकट थर लागतो. तो पायाखाली किंवा पायापासून मीटर-दोन मीटर खोलीवर असेल, तर तिथेच थांबा. भिजला की मऊ होतो, वाहत्या पाझरात धुऊन जातो आणि त्यावरची भिंत सरकू शकते. थर पातळ आणि उथळ असेल तर पूर्ण खरवडून खाली जा. खोल आणि जाड असेल तर जागा बदला. जागा बदलण्याचा खर्च विंधणांपुरताच असतो.

पूर, आणि पायथा ५ वरून ७ मीटर का होतो

पुरासाठी इंग्लिस सूत्र: पाणलोटाला १२४ ने गुणा आणि पाणलोट अधिक १०.४ याच्या वर्गमुळाने भागा. १० चौरस किलोमीटरला सेकंदाला सुमारे २७५ घनमीटर येतात. आकडा मोठा वाटेल, पण छोट्या पाणलोटात ढगफुटीसारखा पाऊस सगळीकडे एकाच वेळी पडतो. ४० मीटर लांबीच्या माथ्यावरून हा पूर जायला माथ्यावर २.५ मीटर पाणी चढतं. म्हणजे तळापासून ६.५ मीटर. त्यावर एक मीटर मोकळा काठ धरला, तर नाल्याचे काठ निदान ७.५ मीटर उंच हवेत. नसतील तर माथा लांबवा किंवा उंची कमी करा. वरच्या शेतांत पूर शिरला, तर पहिला दावा नगरपंचायतीवरच लागतो.

आता भिंत. माथा १.५ मीटर रुंद, पाण्याकडची बाजू उभी, खालची बाजू उतरती, पाया तळाखाली १.५ मीटर खडकात. म्हणजे पायापासून माथ्यापर्यंत ५.५ मीटर. पायथा ५ मीटर रुंद घेतला आणि बंधारा माथ्यापर्यंत भरला, पूर नाही, असं धरलं तर एका मीटर लांबीमागे भिंतीचं वजन ४२.९ टन, पाण्याची ढकल १५.१ टन, पायाखालून वर उचलणारा दाब, म्हणजे अपलिफ्ट, १३.७५ टन. या सगळ्यांचा परिणामी जोर खालच्या कडेपासून २.२ मीटरवर पडतो, म्हणजे पायथ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात, जिथे तो असायला हवा. घर्षणही पुरतं. सगळं सुरक्षित दिसतं आणि कित्येक आराखडे इथेच संपतात.

हीच भिंत पुरात तपासा. वरच्या बाजूला पायापासून ८ मीटर पाणी, खालच्या बाजूला नाल्याच्या तळावर ३ मीटर. अपलिफ्ट १३.७५ वरून ३१ टनांच्या पुढे जातो, कारण आता दोन्ही कडांखाली दाब आहे. जोर खालच्या कडेपासून अवघ्या अर्ध्या मीटरवर सरकतो, पाण्याकडची कड खडकावरून उचलू लागते, फट पडते, फटीत पाणी शिरतं, अपलिफ्ट आणखी वाढतो. छोटे बंधारे उलटतात ते असे. पायथा ७ मीटर केला, म्हणजे खालची बाजू १ ला १ उतरती केली, की जोर २.४ मीटरवर येतो आणि मधल्या तिसऱ्या भागात कसाबसा बसतो.

तरीही घसरण्याचा प्रश्न राहतो. पुरात निव्वळ ढकल १८.८ टन आणि ०.७ च्या घर्षणाने मिळणारा विरोध १५.७ टन. उरलेला भार आणि त्यावरची सुरक्षितता काँक्रीट आणि खडक यांच्या चिकटण्यावर, खडकात घेतलेल्या खाचेवर आणि डॉवेलवर, म्हणजे खडक आणि काँक्रीट जोडणाऱ्या सळ्यांवर, आहे. खडक साफ करण्याचं काम ठेकेदाराच्या मुकादमावर सोडायचं नाही, ते या तीन टनांमुळे. संकल्पचित्र भारतीय मानक आयएस ६५१२ प्रमाणे तपासून घ्या आणि पुराची अवस्था वेगळी मांडलेली आहे का ते बघा. नसेल तर आराखडा परत पाठवा.

पाया

सुरुंग लागला तर शेवटचा अर्धा मीटर सुरुंगाने काढू नका, ब्रेकर आणि पहारीने काढा. सुरुंगाने खालचाही खडक हलतो. सैल दगड हातोडीने वाजवून बघा. भद्द आवाज येतो तो दगड निघालाच पाहिजे. मग तारेचे ब्रश, दाबाचं पाणी, शेवटी हवा. चिरांमधला गाळ रुंदीच्या तिप्पट खोलीपर्यंत काढून सिमेंट मसाल्याने भरा. पाया आडवा गुळगुळीत नको, खडबडीत आणि साठ्याच्या बाजूला किंचित उतरता हवा.

डॉवेल: २५ मिलिमीटरच्या सळ्या, दोन्ही दिशांना दीड-दीड मीटरवर, खडकात दीड ते दोन मीटर, तेवढीच काँक्रीटमध्ये. भोकातली धूळ हवेने काढून आधी ग्राउट ओता आणि मग सळई घुसवा. सळई आधी ठेवून वरून ग्राउट ओतलं, तर खाली हवा अडकते आणि सळई नुसती टांगलेली राहते. पाच-सहा सळ्या ओढून तपासा.

ग्राउटिंग लागत असेल तर पाण्याकडच्या कडेला ३ मीटरवर भोकं, ३ ते ५ मीटर खोल. दाब बेताचा ठेवा. खोलीच्या दर मीटरला चौरस सेंटिमीटरमागे पाव किलोच्या आसपास. जास्त दाबाने खडकच उचलला जातो आणि नव्या चिरा पडतात.

काँक्रीट

मुख्य भिंतीला सुमारे ९३५ घनमीटर एम-२० काँक्रीट लागेल. ४० मिलिमीटर खडी आणि घनमीटरला सहा गोण्या धरल्या, तर ५,६०० गोण्या सिमेंट. पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅग सिमेंट घ्या, जाड भिंतीत उष्णता कमी निघते. विंग वॉल (काठाकडच्या बाजूच्या भिंती) आणि ॲप्रन (पायथ्याशी पाणी पडतं तिथली काँक्रीटची फरशी) यांचं काँक्रीट वेगळं.

पाणी एका गोणीला २५ लिटर, आणि ओल्या वाळूतलं पाणी त्यातच धरायचं. पावसात भिजलेल्या वाळूत घमेल्यामागे लिटरभर पाणी सहज असतं. मिक्सरवाला "माल घट्ट आहे" म्हणून डबडं ओततो, त्या क्षणी बंधाऱ्याचा पाझर ठरतो. माल चालत नसेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे माल सैल करणारं रसायन, घाला, पाणी नाही. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) असेल तर दगडाची भुकटी किती आहे ते खेपेगणिक तपासा.

४० मीटरचे तीन ब्लॉक करा, प्रत्येकी १३.३ मीटर. सांध्यांत पाणी अडवणारी २३० मिलिमीटरची पीव्हीसी वॉटरस्टॉप पट्टी, पाण्याच्या बाजूपासून ३०० मिलिमीटर आत. ती खडकातल्या खाचेत ३०० मिलिमीटर खाली उतरली पाहिजे. पट्टी खडकाच्या वरच संपवली, तर पाणी तिच्याखालून निघतं. पट्टीचे जोड गरम सुरीने वितळवून करा, तारेने बांधून नव्हे. काँक्रीट भरताना ती वाकते, म्हणून एक माणूस फक्त तिच्यावर ठेवा.

प्रत्येक ब्लॉक चार थरांत: पहिला १ मीटरचा, पुढचे तीन दीड मीटरचे, दोन थरांत ७२ तासांचं अंतर. एकूण १२ भरण्या. मधला ब्लॉक नेहमी शेजारच्यांपेक्षा एक थर मागे ठेवा. मेमध्ये वळवाचा लोंढा आलाच, तर तो मधून जाईल, काठ खाणार नाही. गाळदारांची तोंडंही तोवर उघडी ठेवा.

भरणीचं गणित कागदावर करून मगच मिक्सर मागवा. तळाच्या थरात ब्लॉकचं क्षेत्र १३.३ × ७, म्हणजे ९३ चौरस मीटर. ४५ सेंटिमीटरचा एक पदर भरायला ४२ घनमीटर माल. तासाला १५ घनमीटर देणारा प्लांट असेल, तर पदर पुरा व्हायला पावणेतीन तास. उन्हाळ्यात पहिल्या टोकाचा माल दीड तासात आवळायला लागतो. म्हणजे दुसरा पदर पडेपर्यंत खालचा मेलेला असतो, दोघांत कोल्ड जॉइंट, म्हणजे न चिकटलेला सांधा, आणि सप्टेंबरमध्ये भिंतीच्या खालच्या बाजूला आडवी ओली रेघ. उपाय दोन. एक, पायऱ्या करत भरा: एका टोकाला दोन-तीन मीटर लांबीत खालपासून वरपर्यंत पदर चढवत पुढे सरका, म्हणजे उघडं तोंड कायम छोटं राहतं. दोन, उशिरा आवळणारं रसायन घाला आणि संध्याकाळी सातनंतर भरा. एप्रिल-मेमध्ये आम्ही दोन्ही करायला सांगू. खडीवर दिवसभर गोणपाट आणि पाणी असू द्या, पाण्याच्या टाकीवर सावली.

व्हायब्रेटरची निडल उभी सोडा, खालच्या पदरात १० सेंटिमीटर जाऊ द्या आणि हळू काढा. निडलने माल आडवा ढकलणं बंद. त्याने खडी एकीकडे आणि मसाला एकीकडे होतो. भरणी संपल्यावर ६ ते १२ तासांत वरचा दुधट थर हवा-पाण्याच्या झोताने काढा, खडीचं डोकं दिसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तो इतका कडक होतो की छिन्नी घ्यावी लागते, आणि मग कोणी घेत नाही. पुढचा थर ओतण्याआधी पृष्ठभाग भिजवा, पण पाण्याची थारोळी पुसून टाका.

पाणी मारणं किमान १४ दिवस. आडव्या पृष्ठभागावर आळी करून पाणी साठवा, उभ्या बाजूला गोणपाट आणि वर छिद्रांचा पाइप. नाला कोरडा असल्याने या पाण्यासाठी टँकर अंदाजपत्रकातच धरा, नाहीतर पहिली काटछाट इथेच होते.

ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे दर भरणीला घ्या. ५० घनमीटरपर्यंत चार नमुने, त्यापुढे दर ५० घनमीटरला आणखी एक, प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे. ठोकळ्याचा माल मिक्सरच्या तोंडाशी नाही, भरणीच्या जागी घ्या.

कडा आणि पायथा: बंधारे इथे जातात

सिमेंट बंधारा फुटलेला क्वचित दिसतो. बंधारा शाबूत आणि नाला शेजारून गेलेला, हे मात्र जिल्ह्याजिल्ह्यात दिसतं. पूर विंग वॉलच्या टोकाला वळसा घालतो, काळी माती एका रात्रीत विरघळते. म्हणून भिंत काठात कठीण मुरूम लागेपर्यंत, निदान ५ मीटर, आत घाला. विंग वॉल पुराच्या पातळीपेक्षा एक मीटर वर. मागचा भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून दाबा, जेसीबीने ढकलून सोडू नका. वर-खाली दोन्हीकडे ३०० मिलिमीटर दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, खाली मुरमाचा थर.

पायथ्याशी पाणी सेकंदाला १० मीटरच्या आसपास वेगाने आदळतं. तो जोर मोडायला पाण्याची उसळी लागते आणि नमुन्याच्या पुरात त्यासाठी खाली ३.५ मीटर खोल पाणी हवं. नाल्यात ३ मीटरच आहे. म्हणून ॲप्रन तळापेक्षा अर्धा मीटर खाली घ्या, लांबी १४ मीटर, टोकाला उंबरा आणि त्याखाली खडकात उतरलेली आडभिंत. खालचा काळा पाषाण सलग निघाला, तर अभियंता लांबी कमी करू शकतो. सांधेदार निघाला, तर नाही: पाणी सांध्यांत शिरून दगड एकेक उचलतं आणि तीन-चार पावसाळ्यांत टोकाखाली डोह तयार होतो. ॲप्रनमध्ये ७५ मिलिमीटरची पाझर-भोकं ३ मीटरवर ठेवा, खाली फिल्टरसह. बंधाऱ्याखालच्या ५०० मीटरमध्ये वाळू उपसा बंद ठेवणं हाही याच कामाचा भाग आहे.

जॅकवेल आणि परवानग्या

जॅकवेलमध्ये, म्हणजे पंपाच्या विहिरीत, पाणी तीन पातळ्यांवरून घेता यावं: तळापासून ०.६, १.८ आणि ३ मीटरवर झडपा. एप्रिलमध्ये वर शेवाळ असतं, तळाला वास. मधली झडप बहुतेक वेळा कामी येते. १२ तास पंपिंग धरलं तर तासाला ४० घनमीटर. ४० मीटर उंचीसाठी १२.५ अश्वशक्तीचा पंप, आणि तेवढाच दुसरा राखीव.

तांत्रिक मंजुरीसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, पाण्याच्या हक्कासाठी आणि खालच्या योजनांना धक्का लागत नाही यासाठी जलसंपदा विभाग, जागा बुडत असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा. हे सगळं समांतर चालवा, एकामागे एक नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा एवढ्या उंचीला लागू होत नाही, पण जबाबदारी मालकाची, म्हणजे नगरपंचायतीचीच.

पहिल्यांदा पाणी भरणं आणि पुढची देखभाल

पहिल्या पावसात गाळदारं उघडी ठेवा. नंतर २ मीटरवर पाणी आठवडाभर रोखून धरा आणि खालची बाजू रोज बघा. स्वच्छ ओल चालेल. गढूळ पाणी आलं, तर कुठलं तरी भरण धुऊन जातंय. लगेच पाणी सोडा.

पाझर मोजायला खाली ९० अंशाचा व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेली पाटी, बसवा. वरच्या हिशेबातला पाझर खाचेवर सुमारे साडेपाच सेंटिमीटर दिसतो. १० सेंटिमीटर दिसला तर दिवसाला ३.८ लाख लिटर जात आहेत, गावाच्या रोजच्या पाण्याच्या जवळजवळ चार पंचमांश. काही पाझर नॉचला चुकवून खालून जातो, म्हणून दिसणारा आकडा नेहमी कमीच समजा.

भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवा आणि शेजारी त्या पातळीचा साठा घनमीटरमध्ये. १ डिसेंबरला पट्टी वाचून १०० दिवसांचं वाटप ठरवा. तेव्हा ३.५ मीटरच्या खाली असाल, तर माणशी ४० लिटर जमणार नाही हे मार्चची वाट न बघता जाहीर करा.

शुद्धीकरणात तुरटीची मात्रा रोज जार टेस्टने, म्हणजे पाण्याच्या नमुन्यांत वेगवेगळी तुरटी घालून बघून, ठरवा. ४८० घनमीटर पाण्याला लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन द्यायला ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर दिवसाला ३.२ किलो. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. पोतं उघडून महिना झाला असेल, तर ३० टक्के धरू नका, तपासा.

गाळदारं जून-जुलैच्या पहिल्या लोंढ्यांत पूर्ण उघडी, कारण सर्वांत जास्त गाळ तेव्हाच येतो. ऑगस्टच्या मध्याला पावसाचा रंग बघून बंद. पाऊस आधीच कमी असेल, तर जुलैअखेर बंद. साचलेला गाळ मेमध्ये काढा. शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरने न्यायला तयार असतात, पण भिंतीपासून १० मीटरच्या आत जेसीबी जाऊ देऊ नका, वॉटरस्टॉप आणि पायाची खाच तिथेच आहे. गेटचा स्क्रू मेमध्ये ग्रीस लावून दोनदा पूर्ण वर-खाली फिरवा, आणि चावी पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे एक, मुख्याधिकाऱ्यांच्या कपाटात एक.